वायरकाका

वायरकाकांना इंटरनेटपेक्षा राऊटर प्रिय. इंटरनेट काय, कोणाकडेही असतं! राऊटरवर मात्र ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर चढलेलं हवं, आणि तेही स्वस्तात. महागाचा राऊटर कोणीही घेईल, त्यात अक्कल कुठे लागते?

वायफाय हा त्यांच्या लेखी राऊटरचा अवगुण. ते काम कुठलाही जुना डबा ॲक्सेस पॉइंट म्हणून करील. घरात भिंतीच्या कडेकडेने कॅट-सिक्सच्या निळ्या वायरी फिरल्या आहेत आणि केर काढणाऱ्या मावशींनी अजून एकही उपटलेली नाही, हे काकूंचं श्रेय.

पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात काका राऊटरचं खोकं हातात घेतात, उलटं करतात, चष्मा कपाळावर चढवून स्टिकरवरची आवृत्ती वाचतात.

"काका, सगळे सेमच आहेत हो," दुकानदार म्हणतो. झालं! "सेम? अहो, या डब्ल्यूआर८४१एनच्या तेराव्या आवृत्तीत ८ एमबी फ्लॅश नि ६४ एमबी रॅम, चौदावीत परत ४ आणि ३२! नाव तेच, खोकं तेच. आता ४ एमबीत नवं ओपनडब्ल्यूआरटी मावतं का?" दुकानदार तोवर पुढच्या गिऱ्हाइकाला चार्जर दाखवत असतो.

एजराऊटर एक्स की मायक्रोटिकचा जुना हेक्स, हा वाद काका दोन्ही बाजूंनी एकटेच लढतात. दोन्हींत पाच गिगाबिट पोर्ट, २५६ एमबी रॅम, एमटी७६२१ चिपही तीच. मग फरक काय, असं चुकूनही विचारू नये. एकाची फ्लॅश २५६ एमबी, दुसऱ्याची १६. आणि यावर चहा दोनदा होतो. घरची लाइन १०० एमबीपीएसची आहे, हा मुद्दा गौण.

एका बाबतीत मात्र त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. घरात एकाने फोटो अपलोड करायला घेतले की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण मोडेमपाशी पॅकेटांची रांग लागते. काका राऊटरमध्येच वेग ९० ला बांधतात. रांग आपल्या ताब्यात येते, कॉलच्या पॅकेटांना वाट मिळते. लेकीचा कॉल खरोखरच अडखळत नाही. ज्या दिवशी राऊटर चालू असतो, त्या दिवशी.

एरवी तो जेवणाच्या टेबलावर झाकण काढून पडलेला असतो. सीरियलच्या तीन वायरी लावलेल्या: टीएक्स, आरएक्स, ग्राउंड. चौथी, व्हीसीसीची, लावायची नाही, हे आता काकूंनाही पाठ आहे.

परवा मी विचारलं, "काका, अडीच हजारांत कोणता घेऊ?"

पोर्ट किती, आयपीव्ही६ आहे का, जुना थिन क्लायंट घेऊन दुसरं लॅनकार्ड बसवायची तयारी आहे का, अशी तासभर उलटतपासणी झाली. शेवटी म्हणाले, "तूर्त थांब. पुढच्या रिलीजमध्ये कशाकशाला सपोर्ट येतोय ते बघू."

"आणि तोवर?"

"मोबाइलचं हॉटस्पॉट आहे की! आमची ही तेच वापरते."