दाटीवाटीतली सकारात्मकता

ऑफिसातली ताणमुक्तीची कार्यशाळा सकाळी साडेनऊला असते. म्हणजे डोंबिवलीकरानं ताण कसा घालवावा हे शिकण्यासाठी आठच्या आत फास्ट लोकल गाठायची.

रेल्वेच्या भाषेत लोकलमधल्या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं भारदस्त नाव आहे: एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं. कार्यशाळेतले वक्ते पडद्याकडे बोट दाखवून सांगतात, “स्वतःसाठी थोडी मोकळी जागा ठेवा.” कोणी हसत नाही, हे श्रोत्यांचं सौजन्य.

खरं तर शिकवायला लोकलच्या प्रवाशांनाच बसवायला हवं. महिलांच्या डब्यात मेथी निवडून होते, मटार सोलले जातात, एखादीचं डोहाळजेवणही कुर्ला ते दादर उरकतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं लागतात, पेढे वाटले जातात. ज्या गाडीनं वर्षभर खांदे निखळवले, तिचीच पूजा! पुरुषांकडे टाळ निघतात आणि पाय टेकायला जागा नसलेलाही कोरस धरतो. कोपऱ्यात झोपू पाहणाऱ्याचं मत कोण विचारतो म्हणा.

कार्यशाळेच्या शेवटी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावतात. मागची रांग तिथंच झोपते. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना मिळतं.