रीळशुद्धीचा वसा

रीळ उघडण्याचा मुहूर्त आषाढाचा. समुद्र खवळलेला, कातळ शेवाळलेले, गरवायला जाण्यात अर्थ नाही. १ जून ते ३१ जुलै बंदीमुळे यांत्रिक होड्याही बंदरात शाकारून पडलेल्या असतात. बंदी होड्यांना आहे, गळवाल्यांना नाही. पण हा बारकावा घरात सांगण्याचे कारण नाही. ऐन रविवारी दिवाणखान्यात पसारा मांडायला त्यामुळे सरकारी निमित्त मिळते.

आधी पात्रता तपासावी. स्वयंपाकघरातला नळ 'उद्या प्लंबर येतोय' या आश्वासनावर वर्षभर ठिबकत असेल आणि तरीही नखाएवढ्या स्प्रिंगांनी भरलेले रीळ आपण स्वतःच खोलणार याबद्दल मनात तिळमात्र शंका नसेल, तर साधक योग्य आहे. नळ दुरुस्त करता येणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांना घरात वेळ मिळत नाही.

साहित्य साधेच: वर्तमानपत्रे, नेमके बसणारे स्क्रूड्रायव्हर, अंड्यांचा रिकामा ट्रे, दातांचा जुना ब्रश (कोणाचा आणि खरेच जुना का, हे विचारून घ्यावे), शिलाई मशीनचे तेल आणि खाऱ्या पाण्याला टिकणारे ग्रीस. आजोबा खोबरेल घालत, हे खरे असेलही. पण ते पुढे चिकट होते आणि डिसेंबरात थिजते.

खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढावा. निघालेला भाग ट्रेच्या खळग्यांत क्रमाने ठेवावा. गिअरच्या बाजूंना कागदाइतके पातळ वॉशर असतात, ते जुन्या ग्रीसमध्ये चिकटून दिसतच नाहीत. पुसलेल्या फडक्यातून ते कचऱ्यात गेले, की रीळ जन्मभर करकरत राहते. सर्क्लिप मात्र पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालूनच काढावी. ती उडणारच, निदान पिशवीत उडेल. घट्ट बसलेल्या स्क्रूवर जोर करण्याआधी आटे उलटे नाहीत ना, ते पाहावे. पुरुषार्थ नंतर.

आता वंगण. सगळा वसा इथे फळतो किंवा बुडतो. गिअरला ग्रीस, बेअरिंगला तेलाचा थेंब; आणि ग्रीस लावताना उतू नये, मातू नये. हँडल उलटे फिरू न देणारे जे बेअरिंग असते, त्याला तर ग्रीसचे बोटही लावू नये. त्यातल्या बारीक दांड्यांना पकड लागते. त्या बरबटल्या, की जिताडा गरीला लागतो त्याच क्षणी हँडल उलटे फिरून बोटांवर बसते, आणि बघ्यांत एखादा अनुभवी म्हातारा असतोच.

मासा तुटून गेला की शिव्या तंगुसाला पडतात. खरा आरोपी बहुधा बेलवरचा इवलासा रोलर. खारी ओली दोरी दिवसभर त्याच्यावरून धावते, तो मिठाने जाम होतो, फिरायचा थांबतो आणि दोरी एकाच जागी घासू लागतो. ही दोरी स्थिर स्पूलवरून सुटण्याची युक्ती इलिंगवर्थ या ब्रॅडफर्डच्या कापडगिरणीवाल्याची, पेटंट १९०५चे. तेव्हा गिरणीतल्या बॉबिनला जेवढी निगा मिळे, तेवढी तरी रोलरला द्यावी.

किनाऱ्यावरून परतल्यावर रीळ बादलीत बुडवून ठेवणारे भक्त पुष्कळ. माझ्या मते माशांपेक्षा जास्त रिळे या आंघोळीने मारली आहेत, कारण बाहेरचे मीठ पाण्याबरोबर आत जाते. ड्रॅग आवळून बारीक धारेखाली धरावे, पुसावे, मग ड्रॅग सैल सोडून सावलीत ठेवावे. आवळलेलाच राहिला तर वॉशर दबून जातात.

शेवटी चाचणी. ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर सुटावा. म्हणजे १० किलोच्या तंगुसाला अडीच-तीन किलोवर. ताणकाटा नसेल तर रद्दीवाल्याचा मागावा. दोरीचे टोक त्याच्या आकड्याला बांधून जिन्यात त्यालाच ओढायला लावावे. मात्र त्याच्या काट्यावर दोन किलो दिसले, की थांबावे.