तळाचा वहिवाटदार

औंधच्या माणसाला मान वर करून पाहण्याची सवय दोन कारणांनी जडली असून त्यांपैकी एक राजाज्ञेचे आहे आणि दुसरे नाइलाजाचे. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 साली गादीवर आले आणि त्यांनी आपल्या बहात्तर गावांच्या संस्थानात सूर्यनमस्कार हे निव्वळ व्यायामाचे अंग न ठेवता शिक्षणाचे, आणि जवळजवळ राज्यकारभाराचेच, अंग करून टाकले. गणित चुकले तर मास्तर एखादे वेळी दुर्लक्ष करीत, परंतु नमस्कार चुकला तर सूर्यनारायण व श्रीमंत या दोघांचीही गैरमर्जी होई, असे माझे वडील त्या दिवसांची आठवण काढताना कंबरेवर हात ठेवून सांगत. दुसरे कारण पावसाचे. महाबळेश्वरी जो पाऊस बदाबदा कोसळतो, तोच आमच्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेकडे खटाव-माणच्या पट्टीत येईतो इतका दमून जातो की, तिथल्या पावसाचा दहावा हिस्सा पदरी पडला तरी आम्ही वर्ष बरे गेले असे म्हणतो. तेव्हा ज्येष्ठ लागला की अख्खा गाव आभाळाकडे डोळे लावून बसतो.

अशा गावात मी जो प्राणी पाळला, त्याचे डोळे माथ्याजवळ असूनही वर काय चालले आहे याची त्याला यत्किंचितही फिकीर नव्हती. त्याला आमच्याकडे मुरा म्हणतात. ओढ्याच्या वाळूत राहणारा, शेवग्याच्या शेंगेच्या तुकड्याएवढा, पिवळसर अंगावर तपकिरी ठिपक्यांची ओळ मिरवणारा हा मासा तळाशी पोट, छाती व हनुवटी टेकून जो साष्टांग घालतो, तो घालून पुन्हा उठत म्हणून नाही. श्रीमंतांच्या नजरेस तो पडता, तर याच्या निष्ठेबद्दल याला बक्षीस द्यावे, की उरलेल्या अवस्था पुऱ्या न केल्याबद्दल सक्त ताकीद द्यावी, असा मोठा पेच दरबारात उत्पन्न झाला असता.

वास्तविक यात त्याचा आळस नाही. बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते आणि तिच्या जोरावर ते पाण्यात अधांतरी राहू शकतात. मुऱ्याच्या कुळात ही पिशवी आखडून हाडाच्या डबीत बंदिस्त झालेली असल्यामुळे त्याने शेपूट हलवायचे थांबवले की तो सरळ तळाला जातो. परंतु निसर्गाच्या कारभारात एका खात्याचे सामान निकामी झाले म्हणून लिलावात निघत नाही. या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी गेलेली असते, तिचे वर्णन वेबर नावाच्या जर्मन पंडिताने 1820 सालीच करून ठेवले आहे, आणि तिच्या योगाने पाण्यातला कंप कानी पोचतो. म्हणजे तरंगण्याचे साधन ऐकण्याच्या खात्याकडे वर्ग झाले. खाली पडून राहावे आणि कान मात्र उघडे ठेवावेत, ही वृत्ती मी सरकारी कचेऱ्यांतून उभा जन्म पाहिली असल्याने मला तिचे नवल वाटले नाही.

हा गृहस्थ माझ्याकडे आला तो आटपाडीकडच्या माझ्या भाच्यामार्फत. माणगंगा आटून तिचे डोह तेवढे उरले असता, पोरांनी ओंजळीने उपसलेल्या एका डबक्यातून त्याने तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला आणि ‘मामा, तुम्हांला आता वेळच वेळ आहे’ अशा मर्मभेदी प्रस्तावनेसह माझ्या स्वाधीन केला. ज्या आटपाडीच्या माळावर औंध सरकारने 1939 साली स्वतंत्रपूर नावाचा बिनभिंतीचा तुरुंग वसवून खुनाच्या कैद्यांनाही मोकळ्यावर नांदवले, त्याच मुलखातल्या या निरपराध जीवाला मी चारी बाजूंनी काच आणि वर झाकण अशा कडेकोट बंदोबस्तात ठेवले, याचा विषाद मला अधूनमधून वाटतो. पण झाकणाला इलाज नाही. दिवसभर मुडद्यासारखा पडून राहणारा हा मासा रात्री अशी काही उसळी घेतो की, सकाळी तो टाकीऐवजी फरशीवर सापडावा.

त्याची कागदोपत्री ओळख पाहू गेल्यास ती भारदस्त आहे. शास्त्रात त्याला लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मालिस असे म्हणतात, आणि सिंहलद्वीपातील उन्हाळ्याच्या म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यात सापडलेल्या नमुन्यावरून हे नाव 1846 साली व्हालांसिएन या फ्रेंच पंडिताने ठेवले. औंधचा वैशाख त्याला मानवला याचे रहस्य बहुधा यातच असावे. त्याआधीच मुंबई सरकारच्या चाकरीतल्या कर्नल साइक्स या साहेबाने दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा करून 1839 साली त्यांची वर्णने छापली होती, आणि साहेब असूनही कोळ्यांना नावे विचारण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. त्यामुळे आमचे मुरे, मळ्या, घोगरा असले गावरान गडी लॅटिनचा अंगरखा घालून जगभरच्या ग्रंथांतून वावरत आहेत. यांतला मळ्या वाहत्या पाण्यात दगडाला तोंड लावून राहतो. मुऱ्याला मात्र दगड चालत नाही. त्याला वाळू लागते.

आणि या वाळूनेच आमच्या घरात पहिला कलह उत्पन्न केला. मुरा वाळूत डोक्यापर्यंत शिरतो, तोंडात वाळूचा घास घेऊन त्यातले सूक्ष्म किडे ठेवून घेतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. त्याच्या तोंडाभोवती मिशांच्या ज्या नाजूक जोड्या असतात त्यांनीच तो अंधारात अन्न हुडकतो. तेव्हा धारदार खडी घातली तर मिशा झिजतात, झडतात आणि बिचारा खायला मोताद होतो. सबब वाळू बारीक, गोलसर आणि चाळलेली हवी. चाळण आमच्या घरात एकच होती, तिची वहिवाट पिढीजात पिठाची होती, आणि मी ती ओढ्याच्या वाळूसाठी तसलमात म्हणून उचलली तेव्हा आमचे कुटुंब म्हणाले, ‘अहो, मासा वाळू खाणार आणि आपण भाकरी, हे तरी नक्की ठरलंय ना?’ दुसऱ्या दिवशी भाकरीचा घास दाताखाली करकरला, आणि जेवण होईपर्यंत कोणीही शब्द काढला नाही.

बाकी त्याची बडदास्त फारशी खर्चाची नाही. नळाचे पाणी जंतुनाशक औषधासकट टाकीत ओतायचे नाही, घागरीत रात्रभर उघडे ठेवून मग घालायचे. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचे, सगळे कधीच बदलायचे नाही, कारण माशाच्या मलमूत्राचे विष पचवणारे जिवाणू वाळूत वस्ती करून असतात आणि अतिस्वच्छतेने तेच बेदखल होतात. याच्या अंगावरचे खवले अतिसूक्ष्म व कातडीत रुतलेले, त्यामुळे मीठ आणि तांब्याची औषधे इतर माशांच्या हिशेबाने दिली तर याच्या जिवावर बेततात. याला जाळीने धरायला जाऊ नये. डोळ्याखाली एक दुटोकी काटा असतो, भीती वाटली की हा तो उभारतो आणि जाळीत अडकून बसतो. वाटीने अलगद उचलावा. जेवण दिवे लागल्यावर, तळाशी जाईल असे, आणि दोन-चार मिनिटांत संपेल इतकेच. हा शेवटचा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व अनर्थ त्यावाचून झाला.

पाहुण्यांची मात्र पंचाईत होई. श्रीभवानी वस्तुसंग्रहालयातील रविवर्म्याची चित्रे व हेन्री मूरचे शिल्प पाहून, उन्हाने रापून आलेले आप्तेष्ट मोठ्या उमेदीने टाकीसमोर बसत, आणि निव्वळ वाळू व पाणी यांचे बराच वेळ अवलोकन करून झाल्यावर ‘छान आहे’ असे म्हणत. मूरच्या शिल्पापुढेही ते हेच म्हणून आलेले असत. एका मेहुण्यांनी तर ‘मासा केव्हा आणणार?’ असे विचारले, तेव्हा मासा त्यांच्या नाकासमोर, वाळूतून दोन डोळे बाहेर काढून, त्यांनाच निरखीत होता.

तो दिसायचा तो श्वास घ्यायला वर आला म्हणजे. मुऱ्याला कल्ले आहेत, परंतु आटत्या डबक्यातल्या गढूळ पाण्यात प्राणवायूचा दुष्काळ पडला की, तो बाणासारखा पृष्ठभागावर येतो, हवेचा एक घोट गिळतो आणि तितक्याच वेगाने खाली जातो. ही हवा फुप्फुसात जात नाही, कारण ते त्याला नाही. ती आतड्यात जाते, आतड्याच्या मागच्या भागातली रक्तवाहिन्यांची जाळी तिच्यातला प्राणवायू शोषून घेते आणि शिल्लक वायू ज्या मार्गाने बाहेर पडतो त्याचा नामनिर्देश सभ्य समाजात करीत नाहीत. आमच्या नातवाला मात्र त्या बुडबुड्याने जो अवर्णनीय आनंद झाला, तो पाहता शास्त्रविषयाची गोडी मुलांना लावण्याचा याहून निश्चित उपाय मला ठाऊक नाही.

येथवर सर्व ठीक होते. परंतु आमच्या आळीत एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना वाचनाचा नाद आहे, आणि वाचलेले दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन सांगण्याचा त्याहून मोठा. युरोपात मुऱ्याच्याच कुळातला एक मासा आहे, हवेचा दाब उतरू लागला की तो बेचैन होऊन वरखाली करतो, आणि म्हणून तिकडचे शेतकरी तो बरणीत पाळून वादळाचा अंदाज बांधीत, ही माहिती त्यांनी मला दिली. ती खरी आहे. पण त्यांनी ती पारावरही दिली. जून अर्धा उलटला होता, मृगाने हुलकावणी दिली होती, बाजरीचे बियाणे घराघरांत पडून होते, आणि हवामान खात्याच्या ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांत आपले शिवार बसते की नाही, याचा निवाडा कोणालाच करता येत नव्हता. मास्तर पारावरून उठायच्या आत माझ्या पडवीला कचेरीची कळा आली.

आबा पहिले. ‘काय म्हंतोय तुमचा मासा?’ असे विचारून ते टाकीपुढे पागोटे काढून बसले. माझा मासा युरोपातला नव्हे, त्याचे सगेसोयरे वेगळ्या जातीचे, त्याच्या वर येण्याची कारणे दहा असू शकतात, असा खुलासा मी सविस्तर केला; आबांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘ते खरं हो काका, पर पेरावं का नगं?’ मग बाळू, मग सोसायटीचे माजी चेअरमन, मग पलीकडच्या वाडीची दोन माणसे. रिकाम्या हाताने अंमलदारापुढे उभे राहू नये ही रीत या भूमीत पेशवाईहून जुनी आहे. कोणी चिमूटभर पीठ, कोणी कुरमुरे, कोणी भाकरीचा कोर, एका माउलीने तर अंगाऱ्यासकट गुळाचा खडा, असा नजराणा माझी पाठ वळताच झाकण सरकवून आत गुदरण्यात येऊ लागला. साहेबांनी त्यातले फारसे काही स्वीकारले नाही. ते तळाशी कुजत राहिले.

त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. कुजक्या अन्नाने पाण्यातला प्राणवायू खाल्ला, अमोनिया वाढला आणि मुरा जीव मुठीत धरून वर येऊ लागला. एकदा आला, पुन्हा आला, घटकाभर सारखा वरखाली करीत राहिला, आणि पडवीत एकच जल्लोष उसळला. ज्यांना पाऊस हवा होता त्यांनी चारले, आणि ज्याला चारले त्याने पावसाचा दाखला दिला. सरकार-दरबारी असे दाखले कसे निघतात हे मी आयुष्यभर पाहत आलो, पण त्या व्यवहाराची रासायनिक बाजू इतकी उघड प्रथमच पाहिली. मी पाणी बदलले, वाळूतला गाळ नळीने ओढून काढला, झाकणावर पाटा ठेवला. मुरा शांत झाला. ‘तुम्हीच पाऊस घालवला,’ असे चेअरमन मला तोंडावर म्हणाले.

नंतर जो पाऊस आला तो एका दुपारी, यमाईच्या डोंगरामागून, विजा-गर्जनांसह, पागोळ्या धो धो लावीत आला. त्या वेळी मी मुद्दाम टाकीपाशी जाऊन पाहिले. हवेचा दाब जो काय उतरायचा तो उतरला होता आणि आमचे हवामानखाते वाळूत डोके खुपसून गाढ झोपले होते. गावाने यावरून काही बोध घेतला असेल असे कोणी समजू नये. साहेबांनी आधीच कळवले होते, पाऊसच उशिरा हजर झाला, असा निर्णय पारावर एकमताने झाला.

पेरण्या आटोपल्यावर आबा पुन्हा आले, ते नवा अर्ज घेऊन. त्यांना बोअर घ्यायची होती. वरचे ज्याला कळते त्याला खालचे का कळणार नाही, आणि हा तर जन्माचा तळाला राहणारा, हा त्यांचा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या दृष्टीने पहिल्यापेक्षा पुष्कळच बळकट होता. रुमालात बांधून त्यांनी आपल्या माळाच्या तुकड्यातली ओंजळभर माती आणली होती. ती टाकीत टाकावी आणि मासा तिच्यावर बसतो की पळतो हे पाहावे, एवढेच त्यांचे मागणे होते. मी रुमाल सोडून माती बोटांनी चाळली आणि म्हणालो, ‘आबा, हा सगळा टोकदार मुरूम आहे, ही मी आत घालू देणार नाही. माशाच्या मिशा झडतील.’

आबांनी क्षणभर विचार केला, रुमालाला पुन्हा गाठ मारली आणि समाधानाने उठले.

‘मंजी तितं पानी न्हाय,’ ते म्हणाले. ‘बरं झालं इचारलं. पैसं वाचलं.’