आम्ही किटला हात लावत नाही

मॉडिफाइड गाडी म्हटलं की लोकांना आठवते ती रात्री अकरानंतर फर्ग्युसन रस्त्यावरून सायलेन्सरमधून फटाके फोडत जाणारी, काळ्या काचांची, पोट रस्त्याला टेकलेली गाडी. माझ्याकडे बघून अशी गाडी कुणाच्या मनातही येणार नाही. पण फेरफार केलेली गाडी आमच्याकडेही आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेली रचना मनाला येईल तशी बदलायची नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलं. मात्र इंधन बदलण्याचं मान्यताप्राप्त किट बसवायला त्याच कलमात एक दार किलकिलं ठेवलंय, आणि त्या दारातून पुण्यातला मध्यमवर्ग डिकीत सिलिंडर घेऊन आत शिरला. पोरं वेगासाठी गाडीत बदल करतात, आम्ही महिनाअखेरीसाठी. आरटीओत नोंद झाली, आरसीवर पेट्रोलच्या शेजारी सीएनजी आलं आणि डिकीतल्या बॅगा बायकोच्या मांडीवर आल्या.

त्यातून गाडी सेकंडहँड, आणि आधीचे मालक हौशी. रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉक, फॉग लॅम्प, सीटखाली ॲम्प्लिफायर आणि रिव्हर्स टाकला की वाजणारी आरती असा सगळा ऐवज त्यांनी निरनिराळ्या दुकानांतून बसवून घेतला होता. आरती मी बंद करून घेतली. म्हणजे एका इलेक्ट्रिशियननं ती वायर कापली, टोकाला टेप गुंडाळली आणि लोंबती ठेवून दिली. त्यामुळे आमचं बोनेट उघडलं की आधी इंजिन दिसतच नाही, सातबारा दिसतो. काळी टेप फॉगवाल्याची, पिवळी वायर सेंट्रल लॉकवाल्याची, अर्थिंगच्या नटाखाली तिघांचं सामाईक खातं. कंपनीच्या वायरिंगला निदान नकाशा असतो. आमच्या वायरिंगला नुसते हितसंबंधी.

त्यात किटवाल्याचा वाटा सगळ्यात मोठा. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारच्या आसपास दाबानं भरलेला असतो, तो इंजिनाला झेपेल एवढा उतरवायला बोनेटखाली रिड्यूसर. दाब असा एकदम उतरला की गॅस गारठतो, म्हणून रिड्यूसरमधून इंजिनाचं गरम पाणी फिरवतात. गाडी सकाळी आधी पेट्रोलवर चालू होते आणि अंग तापल्यावर मगच गॅसवर जाते ती त्यासाठी. हे सगळं कळायला सोपं आहे. कळायला अवघड आहे ती तळहाताएवढी काळी डबी, जिला किटवाले ॲडव्हान्सर म्हणतात.

गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पडावी लागते. ठिणगी कधी पाडायची हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याला ते कळतं क्रँक सेन्सरकडून. अनेक गाड्यांत क्रँकला ६० दातांची एक चकती असते आणि तिच्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सर दात मोजत बसतो. खिंडार आलं की इंजिन फेऱ्यात नेमकं कुठे आहे ते समजतं. किटवाला काय करतो, तर सेन्सरची ही वायर मधेच तोडून तिथे आपली डबी बसवतो. सेन्सर डबीला खरं सांगतो, डबी त्यात थोडी पुढची वेळ मिसळून कॉम्प्युटरला सांगते आणि तो भोळेपणानं ठिणगी लवकर पाडतो. थोडक्यात, आपण ज्या कारभाराला अभियांत्रिकी समजतो तो एका मध्यस्थाच्या लबाडीवर चाललेला असतो. आणि मध्यस्थ गप्प बसला तर गॅस असो की पेट्रोल, ठिणगी पडतच नाही.

अशी ही गाडी वाईला जायचं म्हणून सर्व्हिसिंगला दिली. साडूंच्या घराची वास्तुशांत होती. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, आणि वर "साहेब, इंजिन वॉश आपल्याकडून!" गाडी घरी आली ती बोनेटखालून नुसती लखलखत. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. पुण्यात कुणी काही फुकट दिलं की साक्षीदार ठेवलेले बरे.

शिरवळ मागे पडलं, खंडाळा गेला, खंबाटकीचा घाट चढायला लागलो आणि ऐन चढावर इंजिन बंद. आचका नाही, खोकला नाही, कसली कुरकूर नाही. गाणं मात्र चालूच. स्टेअरिंग जड, ब्रेक दगड, मागे ट्रक. कशीबशी कडेला घेतली. बायकोनं मांडीवरच्या बॅगा खाली ठेवल्या, उतरली आणि मागच्या चाकाला दगड लावला. तिचं हे एकच काम त्या दिवशी पहिल्या फटक्यात झालं.

घाटात बंद पडलेल्या गाडीला मेकॅनिक उशिरा मिळतो, निदान मात्र ताबडतोब मिळतं. पहिला टेम्पोवाला आला. त्यानं मागचं सीएनजीचं स्टिकर पाहिलं आणि हळूच विचारलं, "पेट्रोल टाकलंय का पण टाकीत?" सीएनजीवाल्यांची बाजारातली पत ही अशी आहे. दुचाकीवरून आलेल्या गृहस्थांनी "तापलीय ती" असं जाहीर करून पाण्याची बाटली इंजिनावर उपडी केलीच होती. बायकोनं त्यांचा हात वरच्या वर धरला. तिसऱ्यांनी उतरण्याचीही तसदी घेतली नाही. उंच गाडीची काच खाली केली, "म्हणून मी डिझेल घेतली," म्हणाले आणि गेले. एक तरुण बराच वेळ वाकून बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, बोनेट आतून भारी चमकतंय हां."

मग फोन. गॅरेजवाला पहिल्या रिंगला.

"आपण फक्त ऑइल आणि फिल्टर केलंय साहेब. किटचा प्रॉब्लेम असणार. आम्ही किटला हात लावत नाही."

किटवाला तिसऱ्या खेपेला.

"किट बसवून किती वर्षं झाली? इतकी वर्षं चालली ना? मग आत्ताच कशी बंद पडेल? सर्व्हिसिंगवाल्यानं कुठेतरी हात घातलाय. कंपनीच्या वायरिंगला आम्ही हात लावत नाही."

"कंपनीची वायर तोडूनच तर तुम्ही तो ॲडव्हान्सर बसवलाय."

"ती एक सोडून."

अखेर टेम्पोवाल्यानंच खंडाळ्याहून एक मिस्त्री पाठवला. मोटरसायकलच्या हँडलला कापडी पिशवी, पिशवीत पाने, टेस्ट लॅम्प आणि टेपची गुंडाळी. स्कॅनर वगैरे काही नाही. बोनेट उघडंच होतं, पण तो तिकडे गेलाच नाही. आधी मला विचारलं, "कशी बंद पडली? झटके मारत का एकदम?"

"एकदम."

"मग पेट्रोल नाही, करंट."

हे इतकं सरळ आहे की ऐकल्यावर स्वतःवरच चिडायला होतं. इंधन कमी पडलं तर इंजिन आधी गुदमरतं, मिसिंग करतं, पिकअप सोडतं, मग मरतं. वीज जाते तेव्हा निरोप घेत नाही. त्यानं मला चावी नुसती ऑन करायला सांगितली आणि स्वतः मागच्या सीटवर कान टेकवला. खालून पेट्रोल पंपाची गुणगुण आली आणि दोनेक सेकंदांत थांबली. पंप ठीक. मग म्हणाला, "सेल्फ मारा. मी सांगेपर्यंत सोडू नका." सेल्फ घरघरला, बॅटरी चांगली. हा गडी माझ्या खिडकीतून डोकं आत घालून डॅशबोर्डकडे टक लावून.

"काटा बघा."

आरपीएमचा काटा शून्यावर. इंजिन सेल्फवर फिरतंय तर काटा जागेवर थोडा तरी थरथरायला हवा. आमचा चित्रातल्यासारखा निपचित. इंजिन फिरतंय ही बातमीच कॉम्प्युटरपर्यंत पोचत नव्हती. बातमी नाही म्हणून ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही तसंच पेट्रोल उडवायचा हुकूमही नाही. एक तर सेन्सर गेला, नाही तर त्याची वाट तुटली.

"सर्व्हिसिंग कधी केली?" मी डॅशबोर्डच्या खणातून बिल काढून दिलं. त्यानं ते सावकाश, बोट ठेवून वाचलं, एअर फिल्टरपाशी थांबला आणि बोनेटकडे गेला तो थेट फिल्टरच्या डब्याशी. माझं तर तेव्हापासून पक्कं मत झालंय की सर्व्हिसिंगनंतर बंद पडलेल्या गाडीला स्कॅनर लावण्याआधी बिल लावावं. ज्याला शेवटचा हात लागला त्याच्यावर पहिला संशय; पोलिसही हेच करतात आणि त्यांच्याकडेही स्कॅनर नसतो.

फिल्टर बदलायला आड येत होती म्हणून कुणीतरी ॲडव्हान्सरची डबी तिच्या पट्टीवरून सोडवली होती. स्क्रू परत लावायचा कंटाळा आला असावा. डबी काचेवर पाणी उडवण्याच्या नळीला प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधून ठेवलेली, आणि तिचं सगळं वजन कपलरवर. खाचेत अडकणारी कपलरची जिभली मोडलेली. मिस्त्रीनं तो उपसला आणि उन्हात माझ्यासमोर धरला. आत चार पिना. तीन ओळीत पुढे, चौथी मागे सरकून आत दडलेली. तिच्या मुळाशी पाण्याचा एक थेंबसुद्धा होता, फुकटच्या इंजिन वॉशचा. पुण्यापासून ती पीन हादऱ्यागणिक केसभर मागे जात असणार; खंबाटकीच्या चढावर तिनं हात सोडला.

"पीन पुढे ढकलू शकतो," तो म्हणाला, "पण घाट उतरेस्तोवर परत मागे जाईल. डबीच काढतो."

डबीला बायपास असतो हे मला माहीत नव्हतं. त्यानं दोन कपलर डबीतून काढून एकमेकांत खोचले आणि सेन्सर व कॉम्प्युटर यांची इतक्या वर्षांनी थेट भेट घडवून आणली. वर निळ्या टेपचे वेढे मारले. सेल्फ मारला तर गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू. गॅसवर जरा दम कमी लागेल, म्हणाला. पैसे इतके कमी सांगितले की मी वर थोडे घातले. बायकोच्या मते ते थोडे तिथे बघत उभ्या असलेल्या लोकांसाठी होते.

घाटमाथ्यावरून दोघांनाही फोन केला. वाटलं, आता कुणीतरी वरमेल.

"बघा, किटचाच प्रॉब्लेम निघाला ना!" गॅरेजवाला आनंदानं म्हणाला.

"बघा, हात लावलाच होता ना!" किटवाल्याला तर गहिवरूनच आलं.

दोघांचंही खरं होतं आणि दोघांच्याही खिशाला तोशीस नव्हती. असा निकाल मला कधी कोर्टातही ऐकायला मिळालेला नाही.

सुरूर फाट्यावरून आत वळलो. वाईत पोचेपर्यंत वास्तुशांतीची पहिली पंगत उठत आली होती. साडूभाऊंना गाडीतलं फार कळतं. हकिकत ऐकून त्यांनी वरण-भाताचं ताट तसंच ठेवलं, खाली आले आणि बोनेट उघडायला लावलं.

"ही निळी टेप कुणी मारली? अगदीच गावठी. थांबा, मी नीट—"

"दाजी," बायको जिन्यावरूनच ओरडली, "हात बाहेर काढा आधी!"