ट्रॅकवरून आलेला

ट्रॅकवरून आलेला हा मोटारसायकलस्वारांचा एक प्रकार असून मोठ्या शहरांत तो कळपाने आणि कामरगावसारख्या गावात एकेकटा आढळतो. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले हे गाव त्याला कोणत्याच अंगाने सोयीचे नाही. त्याच्या स्वप्नातला रेसिंग ट्रॅक हजाराहून अधिक किलोमीटर लांब, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे. तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी. राहता राहिला कारंजा रस्ता. सुगीत त्यावर सोयाबीन वाळत असते, एरवी म्हशी असतात, आणि रात्री रोही, म्हणजे नीलगाय. शिवाय हा तालुका शकुंतलेचा. मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरोगेजवरची ही गाडी इतक्या सावकाश जात असे की वेगाचा वारसा म्हणून सांगायलाही इथे काही उरत नाही.

वय साधारण 22 ते 35. गाडी हप्त्यांवर घेतलेली, नंबर एमएच-37. ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवणाऱ्या कोर्सची फी घरी सोयाबीनच्या पोत्यांत सांगावी लागते. आईला ती निम्मी सांगतात, वडिलांना सांगतच नाहीत. तरी वडिलांचा प्रश्न ठरलेला असतो, "लायसन तं हाये ना तुह्याजवळ, मंग आता काय शिकतं?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. आरटीओच्या मैदानावर पाय न टेकता आठचा आकडा काढला की सरकारच्या लेखी शिक्षण संपते. पुढचे ज्याने त्याने काकाच्या मागे बसून उचलायचे असते, आणि काकाने ते त्याच्या काकाकडून उचललेले असते.

चेन्नईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरांचा, त्यात 12 वळणे. समोरून कोणी येत नाही, हे कामरगावच्या माणसाला प्रथम खरेच वाटत नाही. आरसे काढून ठेवतात किंवा त्यांवर चिकटपट्टी लावतात, कारण मागच्याची काळजी मागच्याने घ्यायची. मग थोडा वेळ वर्ग, थोडा वेळ गाडी, असे दिवसभर चालते. या शिक्षणाचा मोठा आचार्य म्हणजे अमेरिकेचा कीथ कोड. त्याने 1980 मध्ये कॅलिफोर्नियात शाळा काढली, 1983 मध्ये 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट' हे पुस्तक लिहिले, आणि पुढे ही शाळा चेन्नईच्या ट्रॅकवरही भरू लागली. तिचा पहिला धडा एकाच गिअरमध्ये आणि ब्रेक न लावता फिरण्याचा असतो. रेल्वेने दोन रात्री काढून ब्रेक न लावायला शिकलो, हे गावात सांगायचे कसे, या विवंचनेत विद्यार्थ्याचा पहिला दिवस जातो.

कोडचा दुसरा सिद्धांत गावाला जास्त पटण्यासारखा आहे. माणसाजवळ लक्ष म्हणून दहाच डॉलर असतात. पाच भीतीवर उडवले तर रस्त्यासाठी पाचच उरतात. बाजारात दहाची नोट घेऊन गेलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात 16 मीटरहून जास्त जाते, म्हणजे दचकून भानावर येईपर्यंत एका एसटीच्या लांबीपेक्षा जास्त रस्ता मागे पडलेला असतो. वेग दुप्पट केला तर ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. म्हणून वेग वळणाआधी उतरवायचा, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवायची आणि आत शिरल्यावर थ्रॉटल हलके हलके उघडत न्यायचे, म्हणजे भार मागच्या चाकावर सरकतो. खड्ड्याकडे पाहिले की गाडी खड्ड्यातच जाते, हा अनुभव विदर्भात सार्वत्रिक असला तरी त्यामागे शास्त्र आहे हे चेन्नईला जाऊन कळते.

परतल्यावर त्याचा खरा मुक्काम पानटपरीवर. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर ठेवून, पाठीचे दांडे हँडलसारखे धरून तो काउंटरस्टिअरिंग समजावतो: डावीकडे वळायचे तर डावे हँडल पुढे ढकलायचे. म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे, गाडी डावीकडे. श्रोते खुर्चीकडे बघतात, मग त्याच्याकडे. तेवढ्यात दोन्ही बाजूंना कॅन लटकावलेला दूधवाला कोपऱ्यावरून डावीकडे वळून जातो. तो गेली तीस वर्षे हेच करत आलेला असतो. त्याला फक्त त्याचे नाव कोणी सांगितलेले नसते.

गावाचा नकाशाही बदलतो. ग्रामपंचायतीचा हापसा ब्रेकिंग मार्कर, म्हणजे ब्रेक लावायची खूण होतो, पाण्याची टाकी वळणाचा बिंदू, आणि वडाच्या पाराची कड एपेक्स, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेला सर्वांत जवळ जायची जागा. ट्रॅकवरचा मार्कर जागचा हलत नाही. इथे एखाद्या दिवशी म्हैस त्याच जागी बसते आणि दुसऱ्या दिवशी उठते, तेव्हा सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो. घरात शोकेसमध्ये, गणपतीच्या शेजारी, गुडघ्याला लावायचा घासलेला स्लायडर ठेवलेला असतो. पाहुण्यांना तो झिजलेल्या पायपोसासारखा वाटतो.

या प्रकारात दोन पोटभेद पडतात. कच्चा हा वळणावर गुडघा डांबराला टेकवण्यासाठीच शिकलेला असतो. गुडघा टेकायला गाडी 45 अंशांच्या आसपास झुकावी लागते, त्याला तापलेला टायर आणि स्वच्छ डांबर लागते. टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. कारंजा रस्त्याच्या वळणावर त्या तळहाताखाली चुरी, मुरूम आणि शेण या क्रमाने येतात. कच्च्याचे पुढचे शिक्षण सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगच्या टेबलावर होते. तिथे मात्र तो नजर कुठे ठेवावी हे विसरतो.

पक्का ओळखणे अवघड. तो कॉलर वर करत नाही, सायलेन्सर बदलत नाही; हेल्मेट मात्र शेतात जातानाही घालतो, त्यामुळे लोक त्याला फवारणीला निघालेला समजतात. वळण दिसायच्या आधीच त्याची गाडी हळू होते, कडेच्या तुरीकडे तो बघत राहतो, कारण तिथून रोही निघते. ट्रॉलीच्या मागे तो इतके अंतर ठेवतो की मधे दोन गाड्या घुसतात. "मद्रासले जाऊन आला आन् गाडी हळूच झाली बाप्पा," असे टपरीवर म्हणतात. सकाळी फाट्याच्या वळणाआधी तो वेग उतरवतो, तेव्हा दूधवाला मागून हॉर्न देतो आणि कॅन खडखडवत पुढे निघून जातो.