मार्कीचा मान

पगारमर्यादा काटकसरीसाठी असते, असा आपला भाबडा समज. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा त्या मर्यादेतून एक मानकरी अलगद बाहेर ठेवला होता: मार्की, म्हणजे गर्दी खेचणारा नामवंत खेळाडू. गोलरक्षकाच्या मानधनाला हवी तेवढी कात्री लावा, पाव्हण्याच्या ताटाकडे बघायचं नाही.

दिल्ली डायनॅमोजने मग थेट आलेस्सांद्रो देल पिएरोच आणला. विश्वविजेता, युव्हेंटससाठी 290 गोल आणि हंगाम संपायच्या आत चाळिशी. जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर पहिलीच गाठ आपल्या पुणे सिटीशी. पुणेकरांकडेही तोलामोलाचं स्थळ होतं. डेव्हिड त्रेझेगे, दुसऱ्याच दिवशी सदतीस पूर्ण. 2006 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात देल पिएरोची पेनल्टी जाळ्यात गेली होती, त्रेझेगेची क्रॉसबारवर. दिल्लीत कुणाचंच काही जाळ्यात गेलं नाही. 0-0.

देल पिएरोचा हंगामाचा हिशेब: 10 सामने, 1 गोल. फ्री किक होती मात्र देखणी! संघ पाचवा, उपांत्य फेरीत चारांनाच जागा.

पुढच्या वर्षी व्यवस्थापन शहाणं झालं. 42 वर्षांचा रॉबेर्तो कार्लोस आणला आणि प्रशिक्षकही त्यालाच केलं. एका माणसात दोन कामं. करोल बागेत घासाघीस करूनही असा सौदा जमत नाही.