निवृत्त परीक्षक

सांगलीच्या माणसाला बुद्धिबळाचं वेड असलं तर नवल नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी अख्ख्या गावालाच ती खोड लावून ठेवली. पण आमचे मास्तर खेळत नाहीत. जन्मभर दहावीचं गणित शिकवलं, बोर्डाचे गठ्ठे तपासले, निवृत्त झाले, आणि हातातली लाल पेन्सिल काही सुटेना. तेव्हा त्यांनी बुद्धिबळाची इंजिनं धरली. नवं इंजिन निघालं किंवा जुन्याची नवी आवृत्ती आली, की मास्तर ती उतरवून घेतात आणि परीक्षेला बसवतात.

प्रश्नपत्रिका ठरलेली आहे. पहिला प्रश्न सोपा, मुलं बिचकू नयेत म्हणून. ब्रेस्लाउ, १९१२ : मार्शलनं लेवित्स्कीविरुद्ध आपला वजीर नेऊन जी-३ वर ठेवला. तीन तऱ्हांनी मारता येतो, आणि कसाही मारला तरी डाव गेलाच. प्रेक्षकांनी पटावर सोन्याची नाणी उधळली, अशी आख्यायिका आहे. (काकूंना या सगळ्या प्रकारात तेवढ्या नाण्यांत रस आहे.) इंजिन हे उत्तर पापणी लवायच्या आत देतं. मास्तर शेरा लिहितात, ‘पाठ केलेले.’ मग १९५६ सालचा फिशर, वय वर्षं तेरा, बर्नविरुद्ध वजीर सोडून देणारा. तेही जमतं.

तिसऱ्या प्रश्नाला वाद होतो. विक आन झी, १९९९. कास्पारोव्हनं टोपालोव्हच्या डी-४ वरच्या प्याद्यावर हत्ती घातला, पुढं टोपालोव्हच्या राजाची पटभर फरफट झाली. इंजिन म्हणतं, हत्ती घेतलाच कशाला? राजा बी-६ वर सरकवला असता तर टोपालोव्ह तरला असता. हे खरं आहे. पण मास्तरांना उत्तरपत्रिकेत प्रश्नाची चूक काढणारं पोर आवडत नाही. दोन गुण कापले.

शेवटचा प्रश्न मात्र खरा. लिनारेस, १९९८, इथंही समोर टोपालोव्हच. मास्तरांच्या पेपरात बिचारा दोनदा येतो आणि दोन्ही वेळा मार खातो. उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांतले, म्हणजे कुणीही म्हणेल, बरोबरी. अशात शिरॉव्हनं आपला उंट उचलून एच-३ वर ठेवला. फुकट. का, तर राजाला ई-४ कडे धावायला वाट हवी आणि एक चाल वाचायला हवी. त्या काळच्या इंजिनांना ही चाल दिसतच नव्हती. वेडगळ वाटणाऱ्या चाली इंजिन वरवर पाहून मागे सारतं. प्रत्येक चालीचा तळ शोधत बसलं तर एक डाव संपायचा नाही. आणि उंट फुकट देण्याइतकं वेडगळ दुसरं काय असणार?

परीक्षा शिस्तीत होते. आधीच्या प्रयत्नाचं काही आठवू नये म्हणून इंजिनाची स्मृती पुसायची. मग शाळेच्या क्रीडामहोत्सवातलं स्टॉपवॉच गळ्यात. बाजूला रजिस्टर : नाव, आवृत्ती, वेळ, शेरा. शेऱ्यांच्या रकान्यात ‘उतावळा’, ‘उत्तर बरोबर, रीत चूक’, ‘पालकांना भेटण्यास सांगावे’. ज्या माणसानं काठावरच्या पोरांसाठी स्वतःच्या जबाबदारीवर वाढीव गुण दिले, तो इंजिन शिरॉव्हच्या उंटाशी अडखळलं की स्वयंपाकघराकडे बघून ओरडतो, “अहो, नापास!” आणि त्या दिवशी जेवण चार घास जास्त जातं.

पुतण्या सॉफ्टवेअरमधला. त्यानं एकदा समजावून पाहिलं. “काका, स्टॉकफिशवाले असल्या निवडक प्रश्नांवर विसंबत नाहीत. केलेला प्रत्येक बदल जुन्या आवृत्तीशी हजारो डाव खेळवून पारखतात. ज्याला हा उंट उशिरा दिसतो, तेच इंजिन बाकी सगळे डाव मारून नेऊ शकतं.”

“नेईल रे. उंट दिसला का?”

पुतण्याचं बरोबर आहे, हे मलाही कळतं. तरी मी संध्याकाळी मास्तरांकडेच जाऊन बसतो.

परवा नवी आवृत्ती आली. चहाचा पहिला घोट घेतोय तोच पडद्यावर उंट एच-३. मास्तरांनी स्टॉपवॉच हलवून पाहिलं. स्मृती पुसली, पुन्हा बसवलं. या खेपेला चहा संपला, बशी वाळली, मग उत्तर आलं. “बघा! मघाशी कुणाचं तरी पाहून लिहिलं होतं.” पुतण्या म्हणाला, प्रोसेसरचे अनेक गाभे एकाच वेळी शोध घेतात, कोण आधी कुठं पोचेल याचा दरवेळी नेम नसतो, म्हणून वेळ बदलतो. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि रजिस्टरात दहापैकी सात लिहिले.

“उत्तर तर बरोबर आहे,” मी म्हणालो. “तीन कशाचे कापले?”

“शिरॉव्हच्या उशाशी घड्याळ टिकटिकत होतं, समोर जिवंत माणूस डोळे वटारून बसला होता. ह्याला काय, पोटात पंखा लावून बसवलंय.”